तिकिटाची रांग आणि रांगेचा इन्साफ

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. दुपारचे बारा वाजायला आले होते आणि देशभरातली लाखो मुले मोबाइल नाहीतर लॅपटॉप उघडून एकाच पानाकडे बघत बसली होती. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणार होते आणि त्यांची तिकिटे बारा वाजता सुटणार होती. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. बारा वाजले आणि संकेतस्थळ अडखळले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा पडद्यावर रांगेतला क्रमांक दिसू लागला, तोही लाखांत. मागणी पाहून तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही बघता बघता संपला. त्याच दिवशी दुसऱ्या संकेतस्थळांवर तीच तिकिटे कित्येक पट किमतीला, काही तर लाखांच्या घरात, विकायला आली.

पोलिसांत तक्रार गेली, आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १० जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. असे नियम करणे हे कायदेमंडळाचे आणि सरकारचे काम आहे, असे न्यायालयाने सांगितले. १८, १९ आणि २१ जानेवारीला कार्यक्रम झाले. गाणी झाली, लोक घरी गेले. प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

हा सगळा इंटरनेटचा दोष आहे, पूर्वी असे नव्हते, असे तेव्हा अनेक जण म्हणत होते. मला ते पटले नाही. लहानपणी अब्बांचे बोट धरून सिनेमाला गेलो की थिएटरच्या फाटकाजवळ एक माणूस ओठ न हलवता दर पुटपुटत उभा असायचा. आत 'हाउसफुल्ल'ची पाटी आणि बाहेर त्याच्या खिशात तिकिटांचा गठ्ठा. एकदा तासभर रांगेत उभे राहून खिडकी आमच्या तोंडावर बंद झाली. मी रडायला लागलो. अब्बांनी ब्लॅकने तिकीट घेतले नाही. परत जाताना ते एवढेच म्हणाले, "रांगेतल्या शेवटच्या माणसाला तिकीट मिळालं नाही तर चालतं बेटा. पण जो रांगेत उभाच नव्हता त्याला मिळालं, तर मग रांग कशासाठी?"

या लेखाला जे काही म्हणायचे आहे ते अब्बांनी त्या वाक्यात सांगून टाकले होते. पण त्यामागचा इतिहास मोठा आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय उपाय सुचत नाही.

सुरुवात करू १८५० पासून. जेनी लिंड ही स्वीडनची गायिका तेव्हा युरोपभर गाजत होती. पी. टी. बार्नम या अमेरिकन तमासगिराने तिला अमेरिकेत आणले. त्याने जाहिरातीचा असा धुरळा उडवला की ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये होणाऱ्या तिच्या पहिल्या मैफलीआधीच शहर वेडे झाले. बार्नमने तिकिटे खिडकीवर विकली नाहीत, लिलावात काढली. लिलाव पाहायला आत जाणाऱ्यांकडून जागेच्या मालकांनी प्रवेशशुल्कही घेतले, तरी सुमारे ३,००० लोक जमले. पहिले तिकीट जॉन जेनिन नावाच्या टोपीविक्रेत्याने २२५ डॉलरना घेतले. पुढे बॉस्टनमध्ये ऑसियन डॉज नावाच्या गायकाने पहिल्या तिकिटाला ६२५ डॉलर मोजले, तर प्रॉव्हिडन्समध्ये हा आकडा ६५० वर गेला.

आता गंमत पाहा. जेनिनला गाणे ऐकायचे असेलही, पण २२५ डॉलर त्याने गाण्यासाठी दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे नाव आले आणि त्याच्या टोप्या धडाक्याने खपू लागल्या. डॉज स्वतः रंगमंचावरचा माणूस, त्यालाही प्रसिद्धी हवीच होती. जो जास्त पैसे देतो त्यालाच त्या वस्तूची जास्त ओढ असते, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. इथे पहिल्याच लिलावात दिसले की सर्वात मोठी बोली लावणारा माणूस सर्वात मोठा चाहता असेलच असे नाही.

तरीही लिंडच्या लिलावात एक सचोटी होती, हे कबूल केले पाहिजे. सगळे उघड्यावर चालले होते. कोणी किती दिले ते सगळ्यांना दिसत होते. वरचा पैसा कोणाकडे गेला तेही ठाऊक होते: तो बार्नमकडे आणि लिंडकडे गेला, आणि लिंडने पहिल्या मैफलीतला आपला वाटा न्यूयॉर्कच्या धर्मादाय संस्थांना देऊन टाकला.

आपल्याकडेही याच्याशी नाते सांगणारा एक प्रसंग आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन गायकनट एका रंगमंचावर उभे राहिले, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा बरेच चढे होते आणि तरी प्रयोगावर उड्या पडल्या. चढ्या दराबद्दल प्रेक्षकांची तक्रार नव्हती, कारण तो पैसा कुठे जाणार आहे हे प्रत्येकाला माहीत होते. लोकांना महाग तिकीट सहन होते. त्यांना सहन होत नाही ते मधल्यामध्ये लुबाडले जाणे.

मधल्यामध्ये लुबाडणे म्हणजे काय, ते पाहायचे तर १८६७ च्या अखेरीस जावे लागेल. चार्ल्स डिकन्स स्वतःच्या कथा-कादंबऱ्यांचे जाहीर वाचन करण्यासाठी अमेरिकेत आला. हे गाणे नव्हते, पण गर्दी आणि तिकिटांचा व्यवहार गाण्याच्या मैफलीसारखाच होता. त्याने ७६ वाचने केली. तिकीट ठेवले २ डॉलर. त्याच्या लोकप्रियतेच्या मानाने ही किंमत कमीच होती. लोकांनी आपल्याला ऐकावे, त्यांना आपण लोभी वाटू नये, अशी त्याची इच्छा होती.

झाले भलतेच. तिकिटांचे सट्टेबाज आदल्या रात्रीपासून रांगेत येऊ लागले. ब्रुकलिनमधले दृश्य डिकन्सने पत्रात लिहून ठेवले आहे. प्रत्येक सट्टेबाजाजवळ गवताची गादी, पाव आणि मांसाची पिशवी, दोन कांबळी आणि व्हिस्कीची बाटली. कडाक्याच्या थंडीत ते रात्रभर पदपथावर पसरलेले. ऊब मिळावी म्हणून त्यांनी लाकडी घरांच्या अरुंद गल्लीत मोठी शेकोटी पेटवली. ती विझवायला पोलीस आले, तेव्हा हाणामारी झाली, आणि त्या गोंधळात मागचे लोक रक्ताळलेल्या तोंडांनी पुढच्यांच्या जागा बळकावू लागले. सकाळी आठ वाजता डिकन्सचा व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी तिकिटांची पेटी घेऊन आला, तेव्हा स्वागताला आरडाओरडा आणि टोमणे. डॉल्बीने नियम केले की सट्टेबाज त्यातून वाट काढत. दोन डॉलरचे तिकीट बाहेर कित्येक पट किमतीला विकले जाई. वर्तमानपत्रे शिव्या देत ते सट्टेबाजांना नव्हे, डॉल्बीला.

या प्रसंगातून एक धडा निघतो. कलाकाराने चाहत्यांसाठी दर कमी ठेवला, म्हणजे चाहत्याला तिकीट स्वस्त मिळतेच असे नाही. छापील किंमत आणि श्रीमंताची द्यायची तयारी यांच्यात जी दरी पडते, ती रिकामी राहत नाही. तिच्यात कोणीतरी येऊन बसतो. डिकन्सने दोन डॉलरवर सोडून दिलेला नफा गरीब वाचकाच्या खिशात गेला नाही, गादी घेऊन आलेल्या माणसाच्या खिशात गेला. तेव्हा दर कमी ठेवणे हे अर्धे काम आहे. तो कमी दर खऱ्या ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही याची राखण करणे हे उरलेले अर्धे.

पुढच्या शंभर वर्षांत तिकीट खिडकीच्या जागी संगणक आला. टिकेटमास्टर ही कंपनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सुरू झाली. १९८२ मध्ये फ्रेड रोझेन तिचा प्रमुख झाला आणि त्याने व्यवसायाची मांडणीच फिरवली. आधीच्या तिकीट कंपन्या प्रेक्षागृहांकडून पैसे घेत. रोझेनने उलटे केले: तिकिटावर सेवाशुल्क लावायचे, ते चाहत्याकडून घ्यायचे आणि त्यातला वाटा प्रेक्षागृहाला द्यायचा. बदल्यात प्रेक्षागृहाने आपली सगळी तिकिटे फक्त याच कंपनीमार्फत विकायची. १९९१ मध्ये टिकेट्रॉन हा मोठा प्रतिस्पर्धीही तिने विकत घेतला. म्हणजे शुल्क ज्याच्याकडून जायचे त्या चाहत्याला करारात काही बोलता येत नव्हते, आणि ज्यांना बोलता येत होते त्यांना शुल्क वाढण्यातच फायदा होता. इथे कोणी कायदा मोडत नव्हते. पण ज्याचा पैसा जातो तो टेबलावर नाही, अशा टेबलावर काय ठरणार?

१९९४ मध्ये पर्ल जॅम या सिएटलच्या बँडने याला आव्हान दिले. तिकीट १८ डॉलर आणि वर सेवाशुल्क १ डॉलर ८० सेंटपेक्षा जास्त नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मान्य होईना, तेव्हा मे महिन्यात त्यांनी अमेरिकेच्या न्याय विभागाकडे मक्तेदारीची तक्रार केली. ३० जून १९९४ रोजी बँडचे दोन वादक संसदेच्या उपसमितीपुढे साक्षीला बसले. पुढच्या वर्षी त्यांनी टिकेटमास्टरला टाळून दौरा काढला. पण मोठी प्रेक्षागृहे करारांनी बांधलेली होती. आडवळणाच्या जागा शोधाव्या लागल्या, व्यवस्था नव्याने उभारावी लागली, आणि दौरा अर्ध्यात कोसळला. जुलै १९९५ मध्ये न्याय विभागाने चौकशी बंद केली. १९९८ पर्यंत पर्ल जॅम पुन्हा टिकेटमास्टरच्या खिडकीशी आले होते. तेव्हाच्या जगातल्या सर्वात लोकप्रिय बँडपैकी एकाला जे जमले नाही, ते एकट्या चाहत्याला कसे जमणार?

इंटरनेट आल्यावर गादीवाले सट्टेबाजही बदलले. पूर्वी ते रांगेत माणसे उभी करत, आता संगणक उभे करू लागले. 'वाइजगाय' नावाने चाललेल्या एका कंपनीवर २०१० मध्ये न्यू जर्सीत आरोपपत्र दाखल झाले. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला संकेतस्थळे वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावतात, ती अडचण ओलांडणारी यंत्रणा त्यांनी बनवली होती. आरोपपत्रानुसार काही वर्षांत त्यांनी दहा लाखांहून अधिक तिकिटे उचलली आणि अडीच कोटी डॉलरहून अधिक नफा कमावला. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेने अशा यंत्रांविरुद्ध कायदा केला. पण केवळ यंत्रांना दोष देऊन भागत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने एक अहवाल काढला. मोठ्या कार्यक्रमांची सरासरी ५४ टक्के तिकिटे आतल्या लोकांसाठी राखलेली असतात किंवा विशिष्ट कार्डधारक वगैरेंना आधीच विकलेली असतात, असे त्यात आढळले. सर्वसामान्यांसाठी खिडकी उघडते तेव्हा निम्म्याहून जास्त माल आधीच गेलेला असतो. रांगेतल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. तो बिचारा स्वतःच्या नेटच्या वेगाला दोष देत बसतो.

२०१० मध्ये टिकेटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी, प्रेक्षागृहे चालवणारी लाइव्ह नेशन या दोन कंपन्या एक झाल्या. बारा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, टेलर स्विफ्टच्या तिकिटांची आगाऊ विक्री सुरू झाली. ३५ लाख लोकांनी आधीच नावे नोंदवली होती. एका दिवसात २० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली, यंत्रणा कोलमडली आणि सर्वसामान्यांसाठी ठेवलेली विक्री रद्दच झाली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. मे २०२४ मध्ये न्याय विभागाने मक्तेदारीचा खटला भरला, पर्ल जॅमच्या तक्रारीला तेव्हा बरोबर तीस वर्षे झाली होती.

मधल्या काळात काहींनी दुसरा मार्ग काढला. सट्टेबाज नफा खातात, तर तो आपणच का खाऊ नये? मागणी वाढली की दर वाढवायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये ओअ‍ॅसिस या बँडच्या तिकिटांबाबत ब्रिटनमध्ये हेच झाले. उभे राहण्याच्या जागेचा दर सुमारे १५० पौंड ठरलेला, पण तासन्‌तास रांगेत थांबून चाहता पुढे पोहोचला तेव्हा त्याला ३५५ पौंड मागितले गेले. बार्नमचा लिलाव होता, पण लिलाव आहे हे त्याने आधी सांगितले होते. इथे रांग म्हणून उभे केले आणि लिलावात नेऊन सोडले.

उलट उदाहरणही आहे. २०२३ मध्ये द क्युअर या बँडने अमेरिकेत काही तिकिटे २० डॉलरना ठेवली आणि शक्य तिथे तिकीट दुसऱ्याला विकता येणार नाही अशी अट घातली. तिकिटावर तिकिटाएवढेच शुल्क लागलेले दिसल्यावर त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ जाहीरपणे भांडला आणि टिकेटमास्टरने चाहत्यांना शुल्काचा काही भाग परत केला. जपानने तर २०१९ पासून कायदाच केला आहे. तिथे नाव नोंदवून विकलेले तिकीट आयोजकाच्या संमतीशिवाय जास्त किमतीला विकण्याचा धंदा हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे तिथे बऱ्याचदा सोडतीने दिली जातात. ब्रिटन सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त दराने होणाऱ्या फेरविक्रीवर बंदी आणण्याचा इरादा जाहीर केला.

एक आक्षेप इथे येतोच. तिकीट माझे आहे, मी ते हवे त्याला हव्या त्या किमतीला का विकू नये? घर, गाडी, मोबाइल विकतोच ना? आक्षेप वरवरचा नाही. माणूस आजारी पडतो, घरात मयत होते, कार्यक्रमाला जाता येत नाही. अशा वेळी त्याचे पैसे बुडू नयेत, हे खरेच. पण तिकीट ही वस्तू नाही, एका संध्याकाळी एका जागेवर बसण्याचा तो हक्क आहे. आणि तो त्याला बाजारभावापेक्षा कमी दरात मिळाला, कारण कलाकाराने ऐकणाऱ्यासाठी दर कमी ठेवला होता. जायचे नसेल तर तो हक्क त्याच दरात परत करावा आणि मागे थांबलेल्याला मिळावा. नुकसान होऊ नये हे रास्त आहे. नफा मात्र कशाचा?

हे आपल्याला परके नाही. आपल्या खिशात याचा नमुना रोज असतो. रेल्वेच्या आरक्षित तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, गाडीत ओळखपत्र पाहतात. ते तिकीट परक्याला विकता येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात तिकीट हस्तांतरित करणाऱ्याला आणि परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणाऱ्याला, दोघांनाही शिक्षा आहे. जाता आले नाही तर तिकीट रद्द करायचे, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. रेल्वेचे दलाल संपले नाहीत हे मलाही माहीत आहे. पण तिथे दलाल हा गुन्हेगार आहे. मैफलीच्या दारात तो 'फेरविक्री मंच' म्हणून मानाने उभा असतो. आणि म्हाडाची सोडत आठवा. हजारो अर्जदारांची निराशा होते, तरी बहुतेक लोक पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतात. कारण चिठ्ठी सगळ्यांचीच पडलेली असते.

नवी मुंबईच्या त्या रविवारी जागा लाखांत होत्या आणि मागणारे त्याच्या कितीतरी पट. कोणतीही पद्धत वापरली असती तरी बहुतेकांना रिकाम्या हातानेच परतावे लागले असते. म्हणून इन्साफ म्हणजे सगळ्यांना तिकीट, असे मी म्हणत नाही. इन्साफ म्हणजे ज्याला मिळाले नाही त्याला आपण हरलो असे वाटावे, फसवले गेलो असे वाटू नये. त्यासाठी फार मोठी क्रांती नको. एकूण किती जागा खरोखर विक्रीला आहेत ते आधी सांगा. शुल्कासह पूर्ण किंमत पहिल्या पानावर दाखवा. तिकिटावर नाव घाला आणि ते मूळ दरातच परत घ्या. आणि जिथे मागणी अफाट आहे तिथे बोटांच्या वेगाची शर्यत लावण्यापेक्षा सोडत काढा.

न्यायालयाने सांगितले की हे काम कायदेमंडळाचे आहे. म्हणजे शेवटी ते आपलेच आहे, कारण कायदेमंडळात कोण बसणार ते आपण ठरवतो. आणि त्या ठरवण्याच्या दिवशीही आपण रांगेतच उभे असतो. तिथे कोणाचा नंबर विकत घेता येऊ नये यासाठी आपण जेवढे दक्ष असतो, त्याच्या दहाव्या हिश्शाची दक्षता गाणे ऐकायला आलेल्या पोरांच्या रांगेलाही पुरेल. थिएटरच्या फाटकापासून घरापर्यंत अब्बा त्या दिवशी आणखी काही बोलले नाहीत. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.